प्रमोदचे पाय टेकले पाहिजेत

प्रमोदची छाती क्रूझर बाइकची, पाय मात्र लुनाचे. मागच्या चौदा एप्रिलला जयंतीची बाइक रॅली बदलापूरच्या नाक्यावर थांबली, याचे पाय काही जमिनीपर्यंत पोचेनात, आणि क्रूझर, प्रमोद, मागं झेंडा घेऊन बसलेली भिमाआत्या असे सगळे सरबताच्या टेबलावर आडवे. झेंडा तेवढा आत्यानं उभा धरला.

यंदा मंडळाचे अध्यक्ष धर्मराजकाका सगळ्यांदेखत बोलले, "पम्या, पाय टेकत असतील तरच रॅलीच्या पुढं. नायतर आत्या मुकेशच्या गाडीवर."

मुकेशच्या! गल्लीतून असा बुंगाट जायचा की कोंबड्या पत्र्यावर चढायच्या. त्याला आवरायलाच प्रमोदनं दिवाळीत, गटाराच्या कामातलं उरलेलं सिमेंट मागून, गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर घालून घेतला होता. गवंडी विचारायचा, "बास?" हा म्हणायचा, "अजून एक घमेलं." करता करता शेताच्या बांधाएवढा झाला. मुकेश तरी त्यावरून उडतच जायचा.

प्रमोदनं गाडी थेट उल्हासनगरला नेली. गॅरेजवाल्या शेठनं मागचे शॉकप काढून बुटके बसवले. प्रमोद बसला. दोन्ही तळवे जमिनीवर, चक्क सपाट! त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

"साईं, स्पीडब्रेकर पे संभालना," शेठ म्हणाला.

"अरे, हमारे गली का तो मैंनेच बनवाया है!"

घरी येताना त्या बांधावर खालून खर्रर्र झालं. प्रमोदला वाटलं, नवीन काम आहे, आवाज करणारच.

जयंतीच्या सकाळी सगळी गल्ली निळी. प्रमोदनं आधी पाय टेकवून दाखवले. धर्मराजकाकांनी वाकून, चपलेखाली बोट घालून खात्री केली. "टेकलेत. जा पुढं." भिमाआत्या मागं बसली. आत्या म्हणजे भरलेलं पिंप. गाडी अजून खाली गेली. ढोल वाजला, प्रमोदनं ऐटीत क्लच सोडला.

पुढचं चाक बांधावरून गेलं, आणि गाडीचं पोट धाडकन वर बसलं. प्रमोदनं ॲक्सिलेटर पिळला. गाडी जागची हलेना. इंजिन नुसतं बोंबलतंय. ढोलवाल्याचा हात वरच राहिला.

"अगं बया!" म्हणत आत्या खाली उतरली, तशी गाडी सी-सॉसारखी पुढं कलली. मागचं चाक वर. त्याच्याबरोबर प्रमोदही वर. स्टँड नाही, टेकू नाही, तरी क्रूझर बांधावर घट्ट रुतून उभी, आणि त्यावर प्रमोद, तोंडाचा आ करून. असं कसं होईल? आत्ताच तर टेकत होते!

धर्मराजकाकांनी गाडीला एक फेरी मारली. वाकून बघितलं.

"पम्या, टेकतात का रे पाय?"

प्रमोदनं खाली पाहिलं. नवे बूट हवेत लोंबकळत होते.

कोणीतरी फिसकन हसलं आणि गल्ली फुटली. आत्यानं झेंडा सावरला. "मुक्या, आण रे तुझी गाडी."

मुकेश आला. जन्मात पहिल्यांदा हळू आला. क्रूझरच्या बाजूनं, चाक जपत, बांध ओलांडला, दोन्ही पाय टेकवून थांबला आणि आत्याला मागं घेतलं.

"दादा, मानलं तुझ्या स्पीडब्रेकरला," तो म्हणाला. "बघ, किती हळू चाललोय!"

रॅली निघाली. आत्या मागं वळून ओरडली, "पम्या, उतर आता खाली!"

उतरतो कसला? उतरायला तरी पाय टेकायला हवेत ना.