चाळीस काळी पाती

डिसेंबरच्या मध्यात कलमासाठी भरलेल्या गुलाबाच्या ऐंशी डोळ्यांपैकी नऊ जगले. बाकीचे नवीन वर्ष उजाडेपर्यंत काळे पडले. नुसतं बोट लावलं की गळून हातात यायचे. वाफ्याच्या कडेला उभं राहून विनया सातपुते मोजत होती. राग येण्याऐवजी तिच्या मनात एवढंच आलं, की आता याचा खुलासा लिहावा लागणार.

दिल्लीतल्या सरकारी वसाहतींच्या बागा सांभाळणाऱ्या एका खात्यात ती उद्यान निरीक्षक होती. वय अठ्ठावन्न, निवृत्तीला दोन वर्षं. नवरा भालचंद्र मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता तोवर क्वार्टर शहराच्या मध्यात होतं आणि नर्सरीपर्यंत पायी जाता यायचं. तो निवृत्त झाल्यावर दोघं दिल्लीच्याच टोकाला, द्वारकेत, सोसायटीच्या फ्लॅटमध्ये आली. फ्लॅट मोठा होता, हवा भरपूर होती, पण नळाला पाणी नसे आणि टँकरची वाट बघावी लागे. रस्ता मेट्रोच्या खांबांसाठी खणलेला. दोन बस बदलून नर्सरीत पोचायला दीड तास लागायचा आणि पोचेपर्यंतच दिवसभराचं काम झाल्यासारखं वाटायचं.

डोळा भरणं हे नाजूक काम. जंगली गुलाबाच्या खुंटाला सालीपुरती चीर द्यायची, साल अलगद उचलायची, चांगल्या जातीच्या फांदीवरचा डोळा सालीसकट काढून त्या खाचेत सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी बांधायची. काप स्वच्छ हवा. त्यासाठी नर्सरीत लाकडी मुठीचे जुने चाकू होते. ऑक्टोबरमध्ये ते भंगारात निघाले आणि त्यांच्या जागी चाळीस नवे आले, परदेशी बनावटीचे. मागणीपत्रात कुणीतरी ‘आउटडोअर’ असा शब्द लिहिला होता. पुरवठादारानं तो पकडून डोंगरात तंबू ठोकणाऱ्यांचे घडीचे चाकू पाठवून दिले. खोक्यावर बर्फाच्या शिखराचं चित्र होतं. स्टोअरवाल्यांनी नग मोजून घेतले. बाग काय आणि डोंगर काय, दोन्ही बाहेरच.

पात्यावर काळा थर होता, गंजू नये म्हणून दिलेला. वापरून काळ्या पडलेल्या तव्यासारखा खरखरीत, आणि जवळजवळ धारेपर्यंत आलेला. हरफूल सैनी हा नर्सरीतला सर्वांत जुना माळी, हरियाणाकडचा, तीस वर्षं गुलाबच केलेला. त्यानं पहिल्याच दिवशी एका काडीवर चाकू चालवून बघितला आणि विनयाकडे परत दिला.

“मॅडमजी, ये काटता नहीं, नोचता है.”

तिनं अंगठ्यानं काप चाचपला. साल फाटल्यासारखी झाली होती आणि पांढऱ्या लाकडावर काळे कण चिकटले होते. तरी तिनं काम सुरू करायला सांगितलं होतं, कारण दुसरे चाकू नव्हते. ही चूक आपली, हे तिला ठाऊक होतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उपसंचालक खुराना साहेबांचा मेमो आला. डोळे माळ्यांच्या हलगर्जीपणामुळे मेले असं दिसतं, नर्सरीतल्या सहाही माळ्यांनी महिनाअखेरपर्यंत खुलासा द्यावा, अन्यथा सेवापुस्तकात नोंद होईल. चाकूंचा उल्लेखच नव्हता. हरफूल एप्रिलमध्ये निवृत्त होणार होता. मेमो वाचून दाखवला त्या दिवशी तो दुपारचं जेवायला इतरांबरोबर बसला नाही.

त्या संध्याकाळी विनया एक चाकू पर्समध्ये टाकून घरी घेऊन आली. भालचंद्रनं तो उलटसुलट करून बघितला, सगळी हकीकत ऐकून घेतली आणि सवयीनं कागद पुढे ओढला. त्याची सगळी नोकरी टिपणं लिहिण्यात गेली होती. त्यानं अर्ध्या तासात तक्रारीचा मसुदा तयार केला. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

“पाती मात्र आहेत तशीच राहू देत,” तो म्हणाला. “सगळे चाकू सीलबंद करून परत पाठव. एकदा का तू ती घासलीस की पुरावा गेला.”

“आणि डोळे?”

“डोळे पुढच्या वर्षी भर.”

“अहो, चारशेच्या वर खुंट तयार आहेत. फेब्रुवारी संपला की ऊन चढतं, मग काही लागत नाही. नवे चाकू यायला इथे सात-आठ महिने जातात. पुढच्या हिवाळ्यात हरफूल नसेल, आणि त्याच्या पुस्तकात हे लिहिलेलं असेल.”

भालचंद्र म्हणाला की नियमाप्रमाणे जे बरोबर ते आपण सांगितलं. ती म्हणाली की हो, ते बरोबरच आहे.

शनिवारी ती सेक्टरच्या बाजारातून थिनर घेऊन आली. चिंधी भिजवून पातं तासभर गुंडाळून ठेवलं, पण रंग हलला नाही. भट्टीत भाजलेला थर असणार. मग तिनं जेवणाच्या टेबलावरची काच काढून बाल्कनीत उन्हात ठेवली, तिच्यावर पाणी शिंपडून जाड पॉलिश पेपर पसरला आणि पातं आडवं धरून घासायला बसली. काचेवर घासल्यामुळे बाजू सपाट राहत होती. काळं पाणी निघू लागलं. हळूहळू खालचं करडं पोलाद दिसलं, तेव्हा बारीक पेपर घेतला आणि शेवटी धार लावायच्या दगडावर फिरवलं. कुंडीतल्या गुलाबाची काडी कापून बघितली. काप ओला आणि गुळगुळीत आला. एका चाकूला पाऊण तास लागला होता.

सोमवारी तिनं तो नर्सरीत दाखवला. हरफूलनं चार-पाच काड्या कापल्या, मान डोलवली, पण बाकीचे माळी वैतागले. माल खराब दुसऱ्यानं दिला, मेमो आपल्याला आला, आणि आता घासायचंही आपणच, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. विनयानं त्यांना सांगितलं की घासणं तुमचं काम नाही, कुणावर सक्ती नाही. मग शेडच्या बाहेर उन्हात पोतं अंथरून ती स्वतः खाली बसली आणि दुसरं पातं घासायला लागली. पंधरा-वीस मिनिटांनी हरफूल येऊन शेजारी बसला. त्यानं एक पेपर मागून घेतला. दुपारनंतर इतर चौघं आले. सहावा आलाच नाही, आणि तिनंही त्याला बोलावलं नाही.

पुढचे दहा-बारा दिवस असेच गेले. नर्सरीत जेवणाच्या सुट्टीनंतर तास-दीड तास घासायचं आणि शनिवार-रविवारी ती काही चाकू घरी आणायची. दुसऱ्या रविवारी भालचंद्रही बाल्कनीत खुर्ची घेऊन बसला. तिनं घासलेली पाती तो पुसायचा आणि थर गेल्यावर गंज धरू नये म्हणून खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवायचा. मधूनच म्हणायचा की हे सगळं चुकीचं चाललंय. तिचा उजवा अंगठा बुडापासून सुजला होता. भाजी चिरताना सुरी धरवत नव्हती, तेव्हा भाजीही त्यानंच चिरली.

छत्तीस चाकू झाल्यावर ती थांबली. चार तिनं मुद्दाम हात न लावता खोक्यात ठेवले, भालचंद्रच्या मसुद्यासोबत वर पाठवले, आणि माळ्यांच्या वतीनं खुलासाही त्याच पत्राला जोडला. त्याच आठवड्यात डोळे भरायला सुरुवात झाली. हरफूल एकेक खुंट गुडघ्यांत धरल्यासारखा वाकून बसायचा, दोन मिनिटांत एक डोळा बांधून पुढे सरकायचा.

जानेवारीच्या अखेरीस खुराना साहेब स्वतः नर्सरीत आले. वाईट माणूस नव्हता. वर्षभरापूर्वी बढती मिळाली होती आणि त्यांना कुठेच भानगड नको होती. त्यांनी शेडमधला एक चाकू उचलला, कागद कापून बघितला, तो लोण्यासारखा कापला गेला. चहा पिता पिता ते विनयाला म्हणाले की चाळीसपैकी छत्तीस चाकू उत्तम चालत असताना चारांसाठी पुरवठादाराला नोटीस कशी काढायची. तिनं सांगितलं की ते चालतात कारण आम्ही हातानं घासलेत. ते म्हणाले, तसं असेलही, पण कागदावर ते कुठे दिसतं?

मग त्यांनी फाइलमधून एक छापील अर्ज काढला. माल समाधानकारक असल्याचा दाखला, खाली वापरणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीची जागा.

“सातपुतेजी, ये हो जाए तो मेमो की बात भी यहीं खत्म,” ते शांतपणे म्हणाले. “मेरे लिए भी आसान, आपके लिए भी.”

विनयानं अर्ज हातात घेतला. बाहेर हरफूल कुणाला तरी पट्टी आणखी आवळून बांधायला सांगत होता. भांडायचं ठरवलं तर काय काय करावं लागेल ते तिला एकामागून एक दिसलं. पत्रं, स्मरणपत्रं, स्टोअरच्या चकरा, आणि यातलं प्रत्येक काम दीड तासाच्या बस प्रवासानंतर करायचं. तोवर एप्रिल येऊन गेलेला असेल.

तिनं एवढंच सांगितलं की मेमो मागे घेतल्याचं पत्र आधी हातात द्या, सहाही नावांचं. साहेब हसले. दोन दिवसांनी पत्र आलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि मग दाखल्यावर सही केली. सुजलेल्या अंगठ्यामुळे सही वाकडी आली. स्टोअरच्या कारकुनानं ती जुन्या सहीशी ताडून घेतली.

हरफूलला तिनं पत्र दिलं, दाखल्याचं सांगितलं नाही. त्यानं घडी करून ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

घरी मात्र तिनं सगळं सांगितलं. भालचंद्र रागावेल, निदान चार वाक्यं ऐकवेल असं तिला वाटलं होतं. पण तसं झालं नाही.

“अशा सह्या मीही घेतल्यात लोकांकडून,” तो म्हणाला. “कागद पुढे करायचो आणि चहा मागवायचो. समोरचा काय विचार करतोय ते कधी डोक्यात आलं नाही.”

ती म्हणाली, जाऊ द्या आता. त्यानं उठून वरण-भात गरम केला. जेवण झाल्यावर तो तिच्या अंगठ्याला शेक द्यायला पिशवी घेऊन आला आणि ती झोपेपर्यंत शेजारी बसून राहिला.

मार्चच्या सुरुवातीला पट्ट्या सोडायचा दिवस आला. हवेत ऊब आली होती. हरफूल ओळीतून पुढे चालला होता आणि ती मागून वहीत खुणा करत होती. चारशे वीसपैकी तीनशे सत्तावन्न डोळे हिरवे होते. कित्येकांना लालसर कोंब फुटले होते. हे गुलाब पावसाळ्यानंतर नव्या वसाहतींतल्या बागांत जाणार होते. वरून कुणी आकडा विचारला नव्हता, विचारणारही नव्हतं.

अकराव्या ओळीपाशी तिचे पाय भरून आले. तिथे एक मोठी कुंडी पालथी पडली होती, तिच्यावर ती बसली. हरफूलनं वळून बघितलं आणि तो थांबायला लागला. तिनं हातानंच त्याला पुढे जायला सांगितलं. तो खाली वाकून पुढची पट्टी सोडू लागला, आणि प्रत्येक जिवंत डोळ्याला मोठ्यानं आकडा म्हणू लागला, म्हणजे तिला बसल्या जागी लिहिता यावं.