अठ्ठ्याण्णव किलोंचे उत्तमराव आणि मी सतरंजी

मित्रांनो, माझं वय सांगायचं तर मैनाबाईंच्या संसाराएवढं. मी त्यांची जुनी सतरंजी. माझा जन्म अकोटच्या एका हातमागावर झाला. जाड सुती धागा, निळ्या-तांबड्या पट्ट्या आणि वीण अशी घट्ट, की विणकर मला झटकून म्हणाला होता, "इच्यावर हत्ती बसवा!" मैनाबाई लग्न होऊन वलगावला आल्या, त्यांच्यासोबत मीही आले.

तिथे मी काय काय नाही केलं! हळदीला पाहुणे बसवले, भजनाला टाळकरी बसवले. मळ्यातली वांगी माझ्यावर निवडली गेली. घरातली तीन मुलं माझ्यावर रांगली. गावात कुणाकडे कार्य असलं की "मैनाबाईची सतरंजी आणा" असा निरोप यायचा आणि मी अभिमानाने फुलून जायची. पुढे घरात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मग मी कांद्यांवरचं झाकण झाले, नंतर पाण्याच्या मोटरीवरचं. एका उंदराने माझी कड कुरतडली, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

गेल्या वर्षी पेढी नदीचं पाणी काठच्या वस्तीत शिरलं. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसवून माणसं काढावी लागली. सगळी वाचली, पण थोडक्यात. त्यानंतर मैनाबाईंची धाकटी सून दामिनी हिने गावातल्या आठ जणांचं बचाव पथक उभं केलं. जखमांवर पट्ट्या बांधण्याचं काम खुद्द मैनाबाईंनी मागून घेतलं.

या फेब्रुवारीत अमरावतीला अशा पथकांची स्पर्धा ठरली. पहिलं बक्षीस होतं रबरी बोट. तेव्हापासून दामिनीला दुसरं काही सुचेना.

स्पर्धेतल्या एका फेरीत दोन बांबू आणि घरचं कापड यांचं स्ट्रेचर करून जखमी माणसाला दोनशे मीटर न्यायचं होतं. सरावाला पथकातल्या नितेशने नवंकोरं ब्लँकेट आणलं. ते गुळगुळीत बांबूवरून सर्रकन घसरलं आणि खोटा जखमी खरा जखमी होता होता वाचला.

"माही सतरंजी घ्या ना," मैनाबाई म्हणाल्या.

"ते जुनाट?" नितेश हसला.

"जुनाट त मी बी आहो. मले कावून घेतलं मंग पथकात?"

मला धुतलं, उन्हात वाळवलं. दोन बांबूंवर तीन पदरी दुमडलं. वर माणूस झोपताच त्याच्याच वजनाने माझे पदर एकमेकांना घट्ट धरून बसले. कितीतरी वर्षांनी सगळ्यांनी माझ्यावरून हात फिरवला.

स्पर्धेच्या दिवशी मैदान भरलं होतं. जखमी कोण, हे बघ्यांमधून चिठ्ठी टाकून ठरणार होतं. आमच्या वाट्याला आले उत्तमराव. एकेकाळचे पहिलवान, वजन अठ्ठ्याण्णव किलो! मैदानभर हशा पिकला. शेजारच्या रांगेत नांदगाव पेठच्या कारखान्यांतल्या कामगारांचं पथक होतं. त्यांना मिळाले एक काडीसारखे मास्तर.

शिट्टी झाली. उत्तमरावांना घेऊनही आम्ही नांदगावच्या बरोबरीने चाललो होतो. निम्मं अंतर गेलं आणि माझ्या कुरतडलेल्या कडेचा एक धागा तुटला. मग दुसरा. मित्रांनो, आम्हाला ओरडता येत नाही हो! पण सोबत चालणाऱ्या मैनाबाईंची नजर माझ्याकडे गेली.

"थांबा! फाटून राहिली!"

"साठच मीटर राह्यले काकू, पळवतो!" नितेश म्हणाला.

उत्तमरावांनी डोळे उघडले. "चाला ना, मले काई होत नाई."

"काका, तुमी बेशुद्ध आहा," दामिनी म्हणाली. "बेशुद्ध माणूस बोलत नसते. खाली ठेवा रे!"

त्यांना अलगद खाली ठेवलं. माझी फाटकी कड आतल्या घडीत घालून मला पुन्हा दुमडलं. तेवढ्यात नांदगावचं पथक पोहोचलंसुद्धा. आम्ही मागून पोहोचलो, पण उत्तमरावांना ओरखडाही न येता.

सगळ्या फेऱ्यांची बेरीज झाली. नांदगाव पेठ पहिलं, वलगाव दुसरं. आम्हाला मिळाली उंच शिडी आणि दोरांचा संच. दामिनी टाळ्या वाजवत होती, पण डोळे बोटीवर होते.

ते नांदगावच्या कुलदीपने पाहिलं. पथकाचा प्रमुख तोच. तो आमच्याकडे चालत आला. "ताई, आमाले आगीची धास्ती. बोटीचं आमी काय करू? तुमची शिडी द्या, बोट घेऊन जा."

दामिनी बोटीकडे धावलीच. चाळीस वर्षं बाजारात भाजी विकलेल्या मैनाबाईंनी मात्र आधी घासाघीस केली. "वल्ही बी द्यान ना सोबत?"

"देतो, आजी. पन हे तीन पदराची घडी आमाले शिकवा लागते."

आयोजकांनी नियमांचे कागद चाळले आणि हसून मान डोलावली. मग तिथेच, मैदानावर, मला अंथरून शिकवणी सुरू झाली. कुणी न सांगताच उत्तमराव येऊन पुन्हा बेशुद्ध पडले!

आता मैनाबाईंनी माझी कड दुहेरी दोऱ्याने शिवली आहे. मित्रांनो, घरातली जुनी वस्तू अडगळीत टाकू नका. कामाला लावाल तेव्हा आधी तिला उजेडात धरा, बोटं फिरवून बघा, विरलं असेल तिथे टाका घाला. कुणीतरी तिच्या भरवशावर डोळे मिटणार असतं.

दर रविवारी वलगावला सराव असतो. जखमी व्हायला या. फक्त माझ्यावर झोपताना चपला तेवढ्या काढा!