निःशेष महाराजांचा भागाकार

रेणापूरच्या मंगल कार्यालयात लग्न नव्हतं, तरी चपलांचा ढीग गेटाबाहेर आला होता. आत बायाबापड्या, व्यापारी, कास्तकार, सगळे मान खाली घालून भागाकार करत होते.

"कोणताही तीन आकडी अंक धरा," निःशेष महाराज माईकवरून सांगत होते. "एकदा शिवासाठी लिहा, त्याला जोडूनच पुन्हा जिवासाठी लिहा. हा तुमचा जीवांक. सप्तर्षींच्या सातानं भागा. आलेल्या उत्तराला अकरा रुद्रांच्या अकरानं, मग प्रदोषाच्या तेरानं. बाकी शून्य, रोग शून्य."

आडत दुकानदार गुरुपादप्पांनी ४८५ धरला होता. त्यांनी ४८५४८५ कागदावर भागला. कुठंही बाकी उरली नाही आणि शेवटी ४८५ च आले. त्यांचे डोळे भरून आले.

शेजारी उभ्या सुनेचा, स्वप्नालीचा मात्र जीव टांगणीला लागला होता. ती लातूरला क्लासमध्ये गणित शिकवायची. मागच्या सत्संगापासून अप्पांनी इन्सुलिन बंद केलं होतं आणि पायाची जखम चिघळली होती. असंच चाललं तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"अप्पा, दवाखान्यात चला."

"जन्म आडतीत गेला, पोरी. माझा भागाकार चुकत न्हाई."

"चुकला नाहीच. पण इथं कुणाची बाकी उरली का, विचारा बरं."

लोक एकमेकांकडे बघू लागले. एकही हात वर झाला नाही.

"कृपा सर्वांवर आहे," महाराज हसले.

स्वप्नाली शेजारच्या घरातल्या संगमेशकडे वळली. "भाऊजी, तुमच्या म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचे शेवटचे तीन आकडे सांगा."

"सहाशे बारा. पण तिचं काय मधीच?"

अप्पांनी ६१२६१२ भागला. शेवटी ६१२ आले.

"म्हंजी म्हैस बरी?" संगमेश म्हणाला. "कास सुजलीय तिची. डॉक्टर रोज सुई द्यायलेत."

सभागृहात हशा पिकला. महाराजांनी हात वर केला. "ज्याची श्रद्धा नाही त्याचीच बाकी उरते."

"मग माझी उरवून दाखवा की. माझी श्रद्धा आत्ताच गेली."

महाराजांना अचानक उदगीरचा कार्यक्रम आठवला आणि ते माईक ठेवून निघाले.

"अप्पा," स्वप्नाली हळू म्हणाली, "चारशे पंच्याऐंशी दोनदा लिहिले म्हणजे काय झालं? चारशे पंच्याऐंशी हजार, वर आणखी चारशे पंच्याऐंशी. म्हणजे मूळ अंकाची एक हजार एक पट. आता सात गुणिले अकरा, सत्त्याहत्तर. त्याला तेरानं गुणा."

अप्पांचे ओठ हलले. "एक हजार एक."

"लिहिताना ज्यानं गुणलं, त्यानंच तुम्ही नंतर भागलं."

"आपणच पोत्यात घातलं अन् आपणच काढलं," अप्पा पुटपुटले. "आणि तेवढंच निघालं म्हणून हात जोडले."

एक हजार एक या संख्येचा हा गुण खराच आहे, सुंदरही आहे. पण तो माणसाला लागू पडतो तसाच म्हशीलाही, धडधाकटाला तसाच आजाऱ्यालाही. जी परीक्षा कुणालाच नापास करत नाही, ती कुणाबद्दल काहीच सांगत नाही. उत्तर बरोबर आलं, एवढ्यानं भुलू नये. ते चुकीचं कधी येऊ शकलं असतं, हेही विचारावं.

अप्पा सुनेच्या खांद्यावर हात टेकून उठले. पायावरची पट्टी ओली झाली होती.

"गाडी काढ. पाय वाचंल का गं?"

स्वप्नालीला ठाऊक नव्हतं.

"ते तपासल्यावरच कळेल, अप्पा," ती म्हणाली.