करीच्या दुसऱ्या दिवशी

सात नंबरच्या खोलीत चार लोखंडी खाटा होत्या. तिन्हींवर तीन पोरींचं सामान पडलेलं, खिडकीजवळची चौथी तेवढी रिकामी. त्या तिघी कॉलेजात गेल्या होत्या. वॉर्डन मॅडम अजून आल्या नव्हत्या. फाटकावरच्या बाईनं सुचिताच्या हातातलं प्रवेशाचं पत्र पाहून मायलेकींना वर सोडलं होतं.

आशाबाईनं पदर खोचला. कपाट ओल्या फडक्यानं पुसलं, फळ्यांवर वर्तमानपत्र अंथरलं, लेकीचे कपडे पुन्हा घड्या घालून लावले. वर लोणच्याची बरणी, चिवड्याचा डबा आणि परवाच्या पोळ्याच्या सणाच्या, फडक्यात बांधलेल्या पुरणपोळ्या.

"आई, पोळ्या इथं नको ठेवू. मुंग्या येतीन."

"मुंग्याईच्या आधी तू खाजो. अन् त्या तिघीईलेही दे एकेक."

"त्याईले नाही आवडल्या त?"

"त मले फोन कर. मी येऊन खातो."

सुचिता हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. आशाबाईनं कपाटाला कुलूप लावून पाहिलं, काढलं, पुन्हा लावलं. लग्न होऊन ती दुसरबीडला आली तेव्हा सासरी तिच्या वाट्याला भिंतीतली एक खुंटी आली होती. दोन साड्या आणि एक पिशवी, सगळं माहेर त्या खुंटीला बारा वर्षं लटकलं होतं. पोरीला अठराव्या वर्षी कुलपाचं कपाट मिळालं.

सुचिताचा बाप, भागवत, निघताना एवढंच बोलला होता, "होस्टेल भेटलं म्हणून पाठवतो. खोली करून राहायचं कोणी तोंडातून काढू नका." दिवाळीनंतर पाहायला या, असं एका स्थळाला तो सांगूनही आला होता. होस्टेल मिळालं तसा तो विषय मागे पडला होता.

आशाबाई गादीवर चादर ओढत होती तेवढ्यात दारात एक पोरगी उभी राहिली. खांद्याला बॅग, हातात बादली.

"काकू, ही खाट त मले देली आहे."

"कोणं देली? आमच्या पत्रात सात नंबर लिहेल आहे."

"मॅडमनं काल संध्याकाळी फोन केला. मी मलकापूरची. राखी." पोरीनं बादली खाली ठेवली नाही. "तुमचं चालू द्या. मी थांबतो बाहेर."

मग मॅडम आल्या. बाई वाईट नव्हत्या. आधी दोघींना बसायला सांगितलं.

"काल पाचपर्यंत हजर व्हायचं होतं. पाचनंतर जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलीला जाते. मी मेसेज केला होता."

"आमाले मेसेज नाही आला, मॅडम," सुचिता म्हणाली.

मॅडमनी आपला फोन तिच्यापुढे धरला. मेसेज परवा सकाळचा होता. खाली दोन निळ्या खुणा.

मॅडमकडे नंबर घरातल्या फोनचा होता, आणि तो दिवसभर आशाबाईच्या ओट्यावर असायचा. तो मेसेज तिनं वाचला तेव्हा पुरण शिजत होतं. काल म्हणजे पोळ्याची कर, सणाचा दुसरा दिवस. करीच्या दिवशी तिच्या माहेरी बैलाच्या खांद्यावर जू चढत नसे, लेकी उंबरा ओलांडत नसत. तिचे वडील किसनराव दारात आडवी काठी टाकून बसायचे आणि सगळ्या बहिणी एक दिवस जास्त राहायला मिळतो म्हणून हसायच्या. बाजार, मळणी, सोयरीक, सगळं करीच्या दुसऱ्या दिवसावर ढकललेलं तिनं जन्मभर पाहिलं. कधी कुणाचं काही बिघडलं नाही. सांगितलं तर पोरगी करीलाच निघायची म्हणेल, म्हणून ती बोलली नाही. आणि पोरगी आणखी एक दिवस घरात राहत होती.

सुचितानं त्या खुणा पाहिल्या. मग आईकडे पाहिलं. आशाबाई चादरीचं टोक धरून उभी होती.

"मीच पाह्यला होता, मॅडम," सुचिता म्हणाली. "ध्यानात नाही राह्यलं."

"अगं, अशी गोष्ट विसरतात का?"

"चुकलं."

आता बोलावं, असं आशाबाईला वाटलं. तिनं तोंड उघडलंही. पण मॅडम यादीबद्दल सांगू लागल्या होत्या: नाव पहिलं लावते, एखादी मुलगी सोडून गेली तर फोन करते, पण यंदा कोणी सोडेल असं वाटत नाही, जमिनीवर गादी टाकून राहू देता येत नाही, वरून तपासणी असते. आशाबाईनं तोंड मिटलं.

कपाट लावायला जेवढा वेळ लागला होता, त्याच्या निम्माही ते रिकामं करायला लागला नाही. राखीनं न सांगता बरणी उचलून जिन्याखाली आणून दिली आणि परत जाताना वळून पाहिलं नाही.

स्टँडवर घरी परतायची मेहकरची गाडी लागायची होती. दोघी सामानावर बसल्या.

"तुह्या बाबाले मी सांगतो," आशाबाई म्हणाली. "माहीच चूक होती म्हणून."

"सांगून काय होईन?"

"यादीत पहिलं नाव आहे."

"हाव."

"एकच दिवस त होता, सुचिता."

सुचितानं मान हलवली. रागावली असती तर आशाबाईला पाय धरता आले असते. गाडी लागली तशी पोरगी उठली, मोठी पिशवी स्वतः घेतली आणि आईला खिडकीची जागा धरून दिली.