जिन्यातला विनोद

मी शाळेत खेळ शिकवते. पोट दुखतंय म्हणून सावलीत बसलेल्या मुलीचं पोट खरंच दुखतंय की तिला पळायचा कंटाळा आलाय, हे मला मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून कळतं. त्यामुळे बाबांच्या पोटातली गाठ काढायची ठरली, आणि भूल देणारे डॉक्टर आधी त्यांना तपासणार, त्यात पास झाले तरच ऑपरेशन, असं कळलं तेव्हा मी कंबर कसली. आईला म्हटलं, "तू फक्त जेवणाखाण्याचं बघ. बाबांना तयार करायचं माझ्यावर सोड."

बाबा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांचे बँडवाले त्यांना भाता म्हणायचे, लोहाराकडे असतो तो. एकदा सूर धरला की सोडायचं नाव नाही. त्यातली युक्ती आम्हाला घरात ठाऊक होती. गालात हवा साठवायची आणि ती वाद्यात ढकलता ढकलता नाकानं गुपचूप नवी आत घ्यायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, या माणसाला श्वास घ्यावाच लागत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बँड सोडला. "आता नव्या पोरांना वाजवू दे," म्हणाले. आम्हाला केवढं कौतुक वाटलं होतं त्या मोठ्या मनाचं!

दवाखान्यातून एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं. नळी तोंडात धरून हवा आत ओढायची, आतल्या तीन गोळ्या वर उचलायच्या आणि वरच राहू द्यायच्या. मी समोर स्टुलावर बसून शिट्टी फुंकायचे आणि बाबा सुरू करायचे. गाल आत-बाहेर व्हायचे, हवा घोटाघोटानं ओढली जायची, आणि गोळ्या खाली यायचं विसरून वर नाचत राहायच्या. आई स्वयंपाकघरातून हात पुसत यायची आणि टाळ्या वाजवायची.

"भाता तो भाताच!" मी म्हणायचे. बाबा मान लववून दाद घ्यायचे.

संध्याकाळी जिना. आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. म्हटलं, चला, सराव फुकटात. पण प्रत्येक वळणावर बाबा कठडा धरून उभे राहायचे. "मास्तरीणबाई, तुला ती चुकीच्या लग्नाची गोष्ट सांगितली का गं?"

"शंभरदा सांगितलीत. चढताना तोंड बंद!"

ते तरी सांगायचेच. रंगवून, दोन वाक्यांमध्ये मोठा विराम घेत. मग पुढचा जिना, पुढचं वळण, पुढची गोष्ट. मी वैतागायचे आणि हसायचेही. एवढं दुखणं अंगावर असून माणूस किती मजेत आहे, असं मी आईला सांगितलंसुद्धा.

तपासणीच्या दिवशी आईनं त्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. "परीक्षेलाच चाललेत जसे," बाबा कुरकुरले, पण बूट स्वतःच पुसले. रक्त ठीक निघालं. हृदयाचा कागदही ठीक निघाला. मी मनातल्या मनात ऑपरेशन उरकून त्यांना घरीसुद्धा आणलं होतं.

मग श्वासाची तपासणी. तिथल्या बाईंनी त्यांच्या हातात नळी दिली आणि नाकाला एक चिमटा लावला.

बाबांनी चिमट्याला हात लावला. "हा कशाला?"

"नाकातून हवा यायला-जायला नको, काका. छाती भरून श्वास घ्या आणि एका दमात, जोरात फुंका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चोरी पकडली गेलेल्या मुलासारखं. मग फुंकलं. गाल टम्म फुगले, रिकामे झाले, आणि संपलं. पडद्यावरची रेघ उठली न उठली तोच खाली बसली.

"गालांनी नाही, काका. छातीतून."

"छातीत असेल तर ना," बाबा चिमट्यातून गेंगाण्या आवाजात म्हणाले. बाईंना वाटलं, काका गंमत करतायत. त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

पुन्हा फुंकायला लावलं, औषधाची वाफ देऊन पुन्हा लावलं. रेघ तेवढीच. मी उभी होते तिथे मला एकेक वळण आठवत गेलं. कठडा धरलेला हात. वाक्यांमधले ते मोठे विराम. एकही गोष्ट त्यांनी मला हसवायला सांगितली नव्हती. मुलींचं खोटं दुखणं ओळखणारी मी, मला माझ्या बापाचं खरं दुखणं दिसलं नाही.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. या फुप्फुसांवर एवढी भूल देता येणार नाही, म्हणाले, टेबलावरून परत आणण्याची खात्री नाही. गाठ थांबणारी असती तर छाती सुधारायला वेळ दिला असता. ती थांबणारी नव्हती. आता त्रास कमी होईल एवढंच बघायचं.

बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. मग राग आला. "कधीपासून आहे हे?"

"बँड उगाच सोडला का मी?"

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"तू शिट्टी घेऊन एवढ्या उमेदीनं बसायचीस," ते म्हणाले. "आणि मलाही वाटलं, निभेल. आजवर निभत आलंच होतं."

इमारतीत शिरलो. पहिल्या वळणावर बाबा थांबले. कठडा धरला, तोंड उघडलं, पण गोष्ट आली नाही. नुसती छाती वरखाली होत होती. त्यांना असं उघडंवाघडं दमलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. मला ते बघवेना.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्हाला ती चुकीच्या लग्नाची गोष्ट सांगितली का?"

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून.

मग मी सांगितली. बँड चुकून दुसऱ्याच लग्नात कसा शिरला. मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडच्यांनी आणलाय, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडच्यांनी. होता होईल तेवढी लांबवली. नसलेला काका घातला, नसलेली आत्या घातली. त्यांची धाप जरा कमी होतेय असं दिसलं तेव्हाच शेवटाला आले. "आणि ज्यांच्या लग्नात वाजवलं, ते वर्षाच्या आत भांडून वेगळे झाले. ज्यांच्याकडे बँड पोचलाच नाही, ते अजून सुखात नांदतायत!"

बाबा हसले. खरंच हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसले.

वर दार उघडल्याचा आवाज आला. आई कठड्यावरून वाकली होती. आम्ही तिला दिसत नव्हतो, नुसतं हसू ऐकू गेलं होतं.

"हसताय म्हणजे पास झाले ना गं?" ती वरून म्हणाली. तिचा आवाज आनंदानं कापत होता. "अहो, या ना लवकर वर!"

बाबांनी माझा हात घट्ट धरला. "आणखी एक गोष्ट सांग," ते हळूच म्हणाले. "मोठी सांग."