श्वासाचा रकाना

परळच्या त्या कम्युनिटी कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात सव्वीस खुर्च्या होत्या, चोवीस विद्यार्थिनी, चार खिडक्या, दोन पंखे आणि एका लोखंडी खाटेवर गळ्यापर्यंत चादर ओढून झोपलेली एक रबरी पेशंट. तिला सगळ्या सुशीलाबाई म्हणत. बटण दाबलं की सुशीलाबाईंच्या मनगटात नाडी लागे. त्यांच्या तोंडात थर्मामीटर ठेवता येई. श्वास मात्र त्यांना नव्हता. त्यामुळे तापमान, नाडी, श्वसन या तीन रकान्यांपैकी तिसऱ्यात काय लिहायचं, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात पडला आणि लगेच सुटलाही.

"अठरा लिहा गं, मिनिटाला साधारण तेवढेच असतात," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी अठरा लिहिलं.

मधुरा कोठारे वर्गात वयाने सगळ्यांत मोठी, एकोणचाळीस वर्षांची. तिच्या गिरगावच्या सासरी तीन पिढ्या कारकुनी झाली होती, चौथ्या पिढीत इंजिनिअर निघाले. नर्सिंग सहायकाचा कोर्स करणारी ती पहिलीच. सासरे कमलाकांत सकाळी चहाचा कप पुढे करून म्हणत, "आमची सून बेडपॅन उचलणार! बरं आहे, माझी सोय झाली." हा टोमणा की आशीर्वाद, हे तिला कधी कळलं नाही. म्हणूनच तिला ते प्रमाणपत्र हवं होतं. भिंतीवर, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर समोर.

प्रमाणपत्रासाठी खऱ्या रुग्णांचे चाळीस पूर्ण भरलेले तक्ते शुक्रवारपर्यंत द्यायचे होते. 'यशस्वी विद्यार्थी' हा विषय शिकवणाऱ्या हितेंद्र सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: 'कोरा रकाना म्हणजे हुकलेली संधी!' मधुराचे बेचाळीस तक्ते झाले होते. चिंचपोकळीच्या एका धर्मादाय शुश्रूषागृहात रोज सकाळी जाऊन तिने ते भरले होते. एकही रकाना कोरा नव्हता.

मंगळवारी दुपारी तत्त्वज्ञानाचा तास असे. जेवणानंतरची वेळ, पंख्याचा संथ आवाज. खिडकीतून आलेलं ऊन सुशीलाबाईंच्या पायांवरून हळूहळू छातीकडे सरकत असे. लालबागची नम्रता एकदा म्हणालीच, "मॅडम, बेडपॅन उचलूक तत्त्वज्ञान कशाक व्हया?"

शिकवणाऱ्या लतिका कर्णिक हसल्या. "आज त्याचंच उत्तर शोधू. जोड्या करा. एकीने डोळे मिटून बसायचं, दुसरीने तिचे श्वास मोजायचे. पूर्ण एक मिनिट. मग उलट."

मधुराने नम्रताकडे पाहिलं. ओढणीची कड वर गेली, थांबली, खाली आली. एक. पुन्हा वर गेली. दोन. एक मिनिट इतकं लांब असतं? वर्गातले आवाज विरत गेले. तिला वाटलं, या खोलीत चोवीस लहान होड्या नांगरल्या आहेत आणि प्रत्येकीखालचं पाणी आपापल्या लयीत वर-खाली होतंय. फक्त पंचविसावी, त्या खाटेवरची, कोरड्या जमिनीवर उभी आहे.

मॅडमनी आकडे फळ्यावर लिहिले. चौदा, बावीस, सोळा, अकरा... चोवीस माणसं, चोवीस आकडे. त्यांत अठरा दोनदाच आला.

मधुराने आपली तक्त्यांची वही उघडली. अठरा. पान उलटलं. अठरा. बेचाळीस तक्ते आणि सगळ्यांत अठरा!

तास संपल्यावर ती मॅडमपाशी गेली. "मी खोटं लिहिलं, मॅडम."

लतिकाताईंनी वही चाळली. "काहींचे अठरा असतीलही. तेवढं खरं निघेल."

"मग?"

"पण तुम्हाला ते माहीत नव्हतं. एखादी गोष्ट खरी निघणं वेगळं आणि ती आपल्याला माहीत असणं वेगळं. तुमच्या पुढचा माणूस तुमचा आकडा माहिती म्हणून वाचतो, मधुरा. त्यावर औषध देतो."

मधुराला तिसऱ्या खाटेवरचे रमाकांतकाका आठवले. आज सकाळी ते नेहमीसारखे बोलले नव्हते. तिने अठरा लिहून पान उलटलं होतं.

ती तडक चिंचपोकळीला गेली. काका उशीला टेकून बसले होते. तिने त्यांचं मनगट धरलं. श्वास मोजतोय हे कळलं की माणूस तो बदलतो, म्हणून नाडी धरल्यासारखं करून छातीकडे बघायचं, हे ती शिकली होती. केलं कधीच नव्हतं. सदऱ्याचं दुसरं बटण उन्हात चमकत होतं. वर, खाली. वर, खाली. घाईघाईने, घर चुकलेल्या माणसासारखं.

"नाडी चालूय ना, बाळ?" काकांनी एका दमात विचारायचा प्रयत्न केला. वाक्य दोनदा तुटलं.

"चालूय, काका." मिनिट संपलं. बत्तीस!

तिच्या हाकेसरशी दर्शना सिस्टर धावत आल्या. मागोमाग डॉक्टर. सिस्टरनी तक्ता पाहिला. "सकाळी अठरा होता. सहा-सात तासांत बत्तीस? अचानक वाढला का हा?"

होय म्हणणं किती सोपं होतं! वही शाबूत राहिली असती.

"नाही, सिस्टर. सकाळी मी मोजलाच नव्हता."

"आणि काल?"

"कालही नाही. परवाही नाही. ते आकडे धरू नका."

"म्हणजे कधीपासून चाललंय ते ठाऊक नाही," डॉक्टर म्हणाले. "ऑक्सिजन लावा. छातीचा एक्स-रे, लगेच." उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया निघाला.

शुक्रवारी मधुराने वही दिली तेव्हा पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'यातील बेचाळीसही तक्त्यांत श्वसनाचा आकडा न मोजता भरला आहे.'

हितेंद्र सर हळहळले. "कशाला लिहिलंत? कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही, सर. त्याचीच भीती वाटली."

तिचे सगळे तक्ते बाद झाले. प्रमाणपत्र आणखी सहा महिने लांबलं. त्याच दिवशी नम्रताने आणि आणखी आठ जणींनी आपापल्या वह्या परत मागून घेतल्या. सरांनी फळ्यावरचं जुनं वाक्य पुसून नवं लिहिलं: 'कोरा रकाना म्हणजे अजून बघायचं राहिलंय.'

घरी तिने सासऱ्यांना सगळं सांगितलं. टोमण्याची वाट पाहिली. कमलाकांत कपातला चहा नुसताच ढवळत राहिले.

"शिवडीच्या गोदामात बत्तीस वर्षं मी पोती लिहिली," ते म्हणाले. "त्यातली मोजली किती, ते विचारू नकोस." मग हात पुढे केला. "बस अशी. माझा मोज."

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या टेबलावर असा एखादा रकाना असतो, सवयीने भरला जाणारा. त्या रकान्यामागे एक माणूस श्वास घेत असतो. न पाहता लिहिलेला आकडा बरोबर निघाला, तरी आपण त्या माणसाकडे पाहिलेलं नसतं. माहीत नसेल तर रकाना कोरा ठेवावा आणि उठून बघायला जावं.

पुढच्या बुधवारी, सकाळी नऊ वाजता मधुराने नवी वही उघडली. तक्ता क्रमांक एक. खाट तीन, रमाकांत. तापमान अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा दशांश. नाडी चौऱ्याऐंशी. श्वसन, पूर्ण एक मिनिट मोजून, एकोणीस.