लाल दोरी, दोन पावलांवर

हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री करणाऱ्या लाँड्रीत लागून वहिनीला जेमतेम महिना झाला होता. चादरी आत ओढून घेणाऱ्या त्या तापलेल्या रोलरला ती जेवढी टरकून असायची, तेवढी सासूलाही कधी टरकली नव्हती. चादरीचं दुसरं टोक धरायला शेजारी तिची धाकटी नणंद असायची. तिला घरीदारी सगळे चिमणी म्हणत, कारण तिच्या तोंडाला विसावा नव्हता. खांबाला लटकलेल्या लाल दोरीच्या चिठ्ठीवर इंग्रजीत ‘पुल’ लिहिलं होतं, ते तिनेच वाचून दाखवलं होतं.

“पुल म्हणजे ओढ. दार ओढायचं तरी पुल, दात उपटायचा तरी पुल. आणि वहिनी, कुणाचा पाय पुल केला तर ती थट्टा म्हणे!”

“आपल्याकडे पाय ओढला की माणूस तोंडावर पडतो.”

दोरी ओढली की मशीन जागच्या जागी थांबायचं. पहिल्याच आठवड्यात वहिनीने जरा वाफ दिसली म्हणून ती ओढली, आणि मुकादमाने सगळ्यांदेखत तिची खरडपट्टी काढली. तेव्हापासून ती दोरीकडे बघायचीसुद्धा नाही.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधी ओल्या चादरीचा पीळ चिमणीच्या मनगटाला बसला. रोलरने चादर ओढली, चादरीने हात.

“वहिनी, ओढ मला! ओढ!”

वहिनीने तिच्या कमरेला मिठी मारली आणि पाय रोवून मागे ओढलं. भीतीने तिची पाचावर धारण बसली होती. ती जेवढं ओढी, त्याच्या दुप्पट रोलर ओढी. चिमणीची बोटं तापलेल्या लोखंडाला टेकली आणि ती किंचाळली. दोरी दोन पावलांवर होती. मिठी न सोडता हात पोचत नव्हता, आणि मिठी सोडली तर चिमणी आत जाणार होती.

वहिनीने मिठी सोडली.

तिने दोरी ओढून मशीन थांबवलं तेव्हा चिमणीचा हात मनगटापर्यंत आत गेला होता. हात वाचेल, डॉक्टर म्हणाले, दोन बोटांचं मात्र सांगता येत नाही.

संध्याकाळी चिमणी बँडेजकडे बघत पडली होती. वहिनी उशाशी बसली होती.

“तू सोडलंस ना, तेव्हा मला वाटलं, तू पळालीस.”

“वेडी आहेस का,” वहिनी म्हणाली आणि तिचं पांघरूण नीट करू लागली. चिमणीच्या डोळ्यांकडे बघायची तिची छाती होईना. कारण त्या दोन पावलांतलं पहिलं पाऊल तिने दोरीकडे नाही, दाराच्या दिशेने टाकलं होतं.